अमेरिकी पिकअपचा आकार आणि ‘ॲव्हरेज’चा हिशेब

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

अमेरिकी लोकांच्या अवाढव्य पिकअप गाड्यांविषयी आपल्या दैनिकात अलीकडे आलेला लेख वाचला. लेखातील वर्णन खरे आहे आणि त्यातले चिमटेही मार्मिक आहेत. परंतु ‘या लोकांना गाडी जितकी मोठी तितकी प्रिय, आणि ती पेट्रोल किती पिते याची त्यांना पर्वाच नाही’ हा जो निष्कर्ष लेखकाने जाता जाता काढला आहे, तो मला अर्धवट वाटतो. गेली बावीस वर्षे मी मिशिगन राज्यात वाहन-उद्योगात अभियंता म्हणून काम करीत आहे. माझ्या गल्लीत दर दोन-तीन घरांआड एक पिकअप उभी असते, आणि या गाड्यांच्या मालकांशी त्यांच्या गाड्यांविषयी बोलणे हा माझ्या नोकरीचा, आणि आता काहीसा शेजारधर्माचाही, भाग झाला आहे. म्हणून हे पत्र.

प्रथम शब्दाविषयी. अमेरिकेत पिकअपलाच सर्रास ‘ट्रक’ म्हणतात. आपल्याकडचा दहाचाकी ट्रक वाचकांनी डोळ्यांसमोर आणू नये. फोर्डची ‘एफ’ मालिका १९७७ पासून तिथला सर्वाधिक खपाचा ट्रक आहे, आणि १९८० च्या दशकाच्या आरंभापासून बहुतेक सर्व वर्षे ती सर्वच गाड्यांत पहिल्या क्रमांकावर राहिली आहे. आज सर्वाधिक दिसणारी चार दारांची ‘एफ-१५०’ सुमारे ५.९ मीटर लांब आणि आरसे सोडून दोन मीटरांहून थोडी जास्त रुंद असते. म्हणजे एका मारुती स्विफ्टपुढे आणखी अर्धी स्विफ्ट जोडावी, तरी ती या गाडीपेक्षा तोकडीच पडेल. १९७० च्या दशकातली पिकअप दोन दारांची असे, तिच्यात एक सलग बाक असे आणि मागे आठ फुटांचा हौदा असे. आता पुढे पाच माणसे ऐसपैस बसतील असे दिवाणखान्यासारखे केबिन असते आणि हौदा साडेपाच फुटांवर आलेला असतो. गाडी वाढली आणि हौदा आखडला, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते, कारण ती गाडी घेण्यामागचे कारणच सांगून जाते: पूर्वी ज्या कुटुंबाने लांबलचक सेदान किंवा स्टेशन वॅगन घेतली असती, तेच कुटुंब आज चार दारांची पिकअप घेते. फोर्डने तर २०१८ साली जाहीर केले, की उत्तर अमेरिकेत ‘मस्टँग’ वगळता आपण साध्या मोटारी विकणे टप्प्याटप्प्याने बंद करणार. ज्या दुकानात मोटार मिळतच नाही, तिथल्या ग्राहकाने ट्रक ‘पसंत केला’ असे म्हणताना थोडे अडखळायला हवे.

मग ही वेळ कशी आली? याचे उत्तर आवडीनिवडीत जितके आहे, त्याहून अधिक ते सरकारी राजपत्रांत आहे, आणि त्याची सुरुवात चक्क कोंबडीपासून होते. १९६० च्या दशकाच्या आरंभी युरोपीय सामायिक बाजारपेठेने अमेरिकेतून येणाऱ्या स्वस्त कोंबडीवर जबर आयातकर लावला. त्याला प्रत्युत्तर म्हणून अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३ मध्ये बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक या युरोपीय मालावर २५ टक्के कर बसवला. ट्रकचा बाण मुख्यतः जर्मन फोक्सवॅगनच्या दिशेने होता, पण कर सर्व देशांच्या ट्रकांना लागू झाला. बाकीच्या वस्तूंवरचे कर पुढे उतरले. ट्रकवरचा मात्र साठ वर्षांनंतरही कायम आहे आणि लोक त्याला आजही ‘चिकन टॅक्स’ म्हणतात. छोटे, काटक आणि कमी तेल पिणारे ट्रक बनवण्यात ज्यांचा हातखंडा होता, त्या जपान्यांना या कराने अमेरिकेच्या वेशीवरच अडवले. त्यातून पळवाटाही निघाल्या. सुबारूने आपल्या ‘ब्रॅट’ या चिमुकल्या पिकअपच्या हौद्यात उलट्या तोंडाच्या दोन खुर्च्या बसवल्या आणि तिला प्रवासी मोटार ठरवून घेतले. खुद्द फोर्ड आपली ‘ट्रान्झिट कनेक्ट’ ही मालवाहू व्हॅन तुर्कस्तानातून मागच्या आसनांसह आणत असे आणि अमेरिकेच्या बंदरात उतरल्यावर ती आसने उपटून काढत असे. त्या प्रकरणी २०२४ साली कंपनीने ३६.५ कोटी डॉलर भरून सरकारशी तडजोड केली. मात्र कर चुकवण्यासाठी असा खटाटोप करणे प्रत्येक परदेशी कंपनीला परवडत नाही. आपल्या महिंद्र कंपनीनेही २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत छोटी डिझेल पिकअप उतरवण्याचा बेत आखला होता, पण तिथल्या वितरकाशी प्रकरण कोर्टकचेरीपर्यंत गेले आणि ती गाडी तिथल्या रस्त्यावर कधी आलीच नाही.

दुसरा धागा तेलाचा. १९७३ च्या अरब तेलबंदीनंतर अमेरिकी काँग्रेसने १९७५ साली कायदा केला, की प्रत्येक कंपनीने विकलेल्या सर्व गाड्यांच्या इंधनक्षमतेची सरासरी ठरावीक आकड्याच्या वर असलीच पाहिजे. यालाच ‘कॅफे’ निकष म्हणतात. मोटारींसाठी ही सरासरी १९८५ पर्यंत गॅलनला २७.५ मैल, म्हणजे आपल्या भाषेत लिटरला सुमारे ११.७ किलोमीटर, व्हायची होती. हलक्या ट्रकांसाठी मात्र वेगळी आणि सैल मोजपट्टी ठेवण्यात आली, कारण ट्रक म्हणजे शेतकऱ्याचे आणि कारागिराचे अवजार, त्याला कशाला जाचायचे, असा तेव्हाचा विचार होता. तो विचार त्या काळी चुकीचा नव्हता. पण १९९६ ते २००४ या काळात ट्रकांचा निकष लिटरला ८.८ किलोमीटरवर गोठलेला राहिला, आणि कोणत्या गाडीला ट्रक म्हणायचे याची व्याख्या इतकी लवचीक होती की क्रायस्लरची ‘पीटी क्रूझर’ ही गुबगुबीत घरगुती मोटारही सरकारी दप्तरी ट्रक म्हणून नोंदली गेली. त्यातच १९७८ च्या कायद्याने कमी ॲव्हरेज देणाऱ्या मोटारींवर जो ‘गॅस गझलर’ कर बसवला, त्यातूनही ट्रक वगळलेले. लांबलचक स्टेशन वॅगन बनवली तर निकषांचा जाच, आणि तेच धूड ट्रकच्या सांगाड्यावर चढवले तर मोकळीक. अशा स्थितीत कारखानदाराने काय करावे, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको.

‘एफ-१५०’ हे नावच मुळी अशा एका नियमातून जन्मले आहे, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. १९७५ साली धूर रोखण्यासाठी कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची आणि शिसेविरहित पेट्रोलची जी अट आली, ती एकूण भारासह ६,००० पौंडांच्या आतल्या गाड्यांना होती. फोर्डने ‘एफ-१००’ आणि ‘एफ-२५०’ यांच्या मधोमध ही नवी गाडी आणली आणि तिची भारक्षमता त्या मर्यादेच्या थोडी वर ठेवली.

पुढे २००७ च्या कायद्याने सगळ्यांना एकच आकडा लावण्याची पद्धत बदलली आणि निकष गाडीच्या चार चाकांमधल्या क्षेत्रफळाशी जोडला. हेतू चांगला होता: कंपन्यांनी निकष गाठण्यासाठी गाड्या नुसत्या चिमट्यात धरून छोट्या व हलक्या करू नयेत, तर मोठ्या गाडीचे इंजिनही सुधारावे. परंतु क्षेत्रफळ जितके जास्त तितके उद्दिष्ट सौम्य, असा हिशेब एकदा लिहिला गेल्यावर छोटा ट्रक बनवणे म्हणजे स्वतःहून कठीण प्रश्नपत्रिका मागून घेण्यासारखे झाले. या पद्धतीत गाड्यांचा आकार वाढवण्याचे प्रलोभन दडलेले आहे, असा इशारा मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ च्या सुमारासच दिला होता. फोर्डची छोटी ‘रेंजर’ २०११ च्या अखेरीस अमेरिकेत बंद झाली. २०१९ मध्ये ती परतली तेव्हा ती छोटी राहिलेली नव्हती. ती बंद होण्यामागे केवळ निकष होते असे मी म्हणणार नाही. छोट्या ट्रकवर नफाही थोडा सुटतो आणि मोठ्यावर तो भरभक्कम असतो, ही गोष्ट कंपन्यांच्या ताळेबंदात स्वच्छ दिसते.

यावर करसवलतीचा तुपाचा हात आहे तो वेगळाच. एकूण भारासह ६,००० पौंडांहून जड असलेली गाडी व्यवसायासाठी घेतली, तर तिच्या किमतीचा मोठा हिस्सा, आणि कधी कधी पूर्ण किंमत, पहिल्याच वर्षी उत्पन्नातून वजा करता येते. ही सवलत सुताराला मिळते तशी दंतवैद्यालाही मिळते. पेट्रोलवरचा केंद्रीय कर गॅलनला १८.४ सेंट, म्हणजे लिटरला पाच सेंटांहूनही कमी, असा १९९३ पासून एका पैशानेही हललेला नाही. आणि एकूण भारासह ८,५०० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ३,८५६ किलोच्या, वरच्या पिकअपना तर काचेवर ॲव्हरेजची चिठ्ठी लावण्याचीही सक्ती नाही. ‘एफ-२५०’ घ्यायला गेलेल्या गिऱ्हाइकाला शोरूममध्ये तो आकडाच दिसत नाही. ज्याला आकडा दाखवलाच नाही, त्याला त्याची पर्वा नाही असे म्हणणे कितपत न्याय्य आहे?

आता त्या पर्वेविषयी. माझे एक शेजारी निवृत्त सुतार आहेत. उन्हाळ्यात ते अडीच टनांची नाव ट्रेलरवर घालून उत्तर मिशिगनमधल्या तळ्यांवर जातात, आणि हिवाळ्यात त्याच गाडीपुढे फाळ लावून चार घरांसमोरचा बर्फ ढकलतात. त्यांच्या गाडीची टाकी ३६ गॅलनची, म्हणजे १३६ लिटरची आहे. जून २०२२ मध्ये देशातला पेट्रोलचा सरासरी दर इतिहासात प्रथमच गॅलनला पाच डॉलरच्या वर गेला, तेव्हा एकदा टाकी फुल्ल करायला त्यांना १८० डॉलर पडत होते. त्यांना ॲव्हरेजची पर्वा नव्हती असे कोण म्हणेल? ते प्रत्येक टाकीचा हिशेब एका वहीत लिहून ठेवतात. आमच्याकडे जुने एसटीचे चालक ठेवत तसा. नाव ओढताना ॲव्हरेज जवळजवळ अर्ध्यावर येते हे त्यांनी मला कुठल्याही प्रयोगशाळेच्या अहवालाआधी सांगितले होते. त्यांचा आक्षेप वेगळाच आहे: ‘ओढण्याची ताकद न गमावता कमी पिणारी गाडी द्या, मी उद्या घेतो.’ आणि ती मागणी बाजाराने अगदीच दुर्लक्षित केलेली नाही. २०११ साली ‘एफ-१५०’मध्ये टर्बो लावलेले सहा सिलिंडरचे इंजिन आले, तेव्हा ‘खऱ्या ट्रकला आठच सिलिंडर’ म्हणणाऱ्यांनी नाके मुरडली, पण त्याच वर्षी सहा सिलिंडरच्या गाड्या आठवाल्यांपेक्षा जास्त खपल्या. २०१५ मध्ये त्याच गाडीचा पत्रा ॲल्युमिनियमचा झाला आणि वजनात ७०० पौंडांपर्यंत, म्हणजे सव्वातीनशे किलोच्या आसपास, घट झाली. लोकांनी तीही घेतली.

उलट बाजूचा पुरावाही लपवू नये. मे २००८ मध्ये पेट्रोल भडकले, तेव्हा त्या एका महिन्यात होंडा सिव्हिकने ‘एफ’ मालिकेला मागे टाकले होते. दर उतरले आणि लोक पुन्हा ट्रककडे वळले. उंचावर बसण्याचे सुख, रुबाब, आणि ‘समोरचा मोठ्या गाडीत आहे तर मी छोटीत का मरू’ हा भीतीचा हिशेब, हे सारे खरे आहे. या भीतीची किंमत पायी चालणारा मोजतो. अमेरिकेत गाडीखाली मरणाऱ्या पादचाऱ्यांची संख्या २००९ साली चार हजारांच्या आसपास होती, ती २०२२ मध्ये साडेसात हजारांच्या घरात गेली. ज्यांच्या बॉनेटची कड जमिनीपासून ४० इंचांहून उंच आहे, अशा गाड्यांची धडक पादचाऱ्याच्या जिवावर बेतण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या नाकाच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त असते, असे तिथल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग-सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये दाखवून दिले. ट्रकवाल्यांची बाजू मांडताना हे विसरून चालणार नाही. माझ्या मुलीला मी सायकलवरून शाळेत जाऊ देत नसे, ते याच कारणाने.

तरीही, पर्याय दिल्यावर लोक काय करतात हे एकदा पाहायला मिळाले आहे. २०२१ मध्ये फोर्डने ‘मॅव्हरिक’ नावाची छोटी पिकअप जाहीर केली. मोटारीच्या सांगाड्यावर बांधलेली, मेक्सिकोत तयार होत असल्याने कोंबडीच्या करातून सुटलेली, साडेचार फुटांचा हौदा, आणि मूळ किमतीतच हायब्रिड इंजिन. किंमत २० हजार डॉलरला पाचच कमी. ॲव्हरेज एकंदरीत लिटरला १५.७ किलोमीटर, आणि शहरात तर जवळजवळ १८. मागणी इतकी लोटली की जानेवारी २०२२ मध्ये कंपनीला त्या वर्षाच्या नोंदण्याच थांबवाव्या लागल्या. घेणाऱ्यांत पूर्वी कधीच ट्रक न घेतलेले पुष्कळ होते. पुढे कंपनीने किंमत वर चढवली, ती आता २६ हजारांच्या बरीच पुढे गेली आहे, तरीही २०२४ मध्ये सव्वा लाखाहून अधिक ‘मॅव्हरिक’ खपल्या. ‘एफ’ मालिका सात लाखांच्या वर खपते, तेव्हा छोट्यांनी मोठ्यांना हरवले असे म्हणण्याचे कारण नाही. पण छोट्या ट्रकला गिऱ्हाईकच नाही, ही जी समजूत आमच्या क्षेत्रातल्या बैठकांत वर्षानुवर्षे सिद्धान्तासारखी उच्चारली जाई, ती तेव्हापासून कुणी मोठ्याने बोलत नाही.

काही हौशी लोक तर जपानमधून ‘केई’ ट्रक मागवतात: ३.४ मीटर लांबीच्या आतले, ६६० सीसीचे, आपल्या छोटा हत्तीच्या जातकुळीतले. सुरक्षा-नियमांमुळे पंचवीस वर्षांहून जुना असेल तरच तो आणता येतो, आणि आणल्यावर काही राज्ये तो रस्त्यावर चालवू देत नाहीत. टेक्सससारख्या अजस्र ट्रकांच्या माहेरघराने मालकांच्या रेट्यापुढे २०२४ मध्ये आपले धोरण सैल केले. पंचवीस वर्षांची जुनी, उजव्या हाताच्या स्टिअरिंगची गाडी समुद्रापलीकडून आणून तिच्या नोंदणीसाठी सरकारी कचेरीशी भांडणारा माणूस, हाही अमेरिकी ट्रकमालकच आहे.

या साऱ्यात ॲव्हरेज मोजण्याची रीत हीच एक मोठी गफलत आहे, आणि ती आपल्याकडेही आहे. वर्षाला २४,००० किलोमीटर चालणारी एक जुनी पिकअप लिटरला ६.४ देते. तिच्या जागी ८.५ देणारी पिकअप आली, तर वर्षाला सुमारे सव्वानऊशे लिटर वाचतात. दुसरीकडे १५.७ देणाऱ्या ‘मॅव्हरिक’च्या जागी कुणी २४.२ देणारी टोयोटाची प्रियस घेतली, तर साडेपाचशे लिटरही वाचत नाहीत. पहिल्या बदलात आकडा दोनाने वाढला, दुसऱ्यात साडेआठाने. कौतुक दुसऱ्याचे होते आणि तेल पहिल्यात वाचते. शंभर किलोमीटरला किती लिटर लागतात असे विचारले, की गोंधळ मिटतो: पहिल्या बदलात १५.६ वरून ११.८, दुसऱ्यात ६.४ वरून ४.१. युरोपात असेच मोजतात. अमेरिकेतही २०१३ च्या गाड्यांपासून काचेवरच्या चिठ्ठीत शंभर मैलांना किती गॅलन हा आकडा बारीक अक्षरांत छापतात, पण तो वाचणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. माझ्या सुतार शेजाऱ्यांची वही मात्र नेमकी याच पद्धतीने लिहिलेली आहे, कारण त्यांना टाकीचे पैसे मोजायचे असतात.

हे सर्व मराठी वाचकाला सांगण्याचे कारण असे, की नियम गाडीला आकार कसा देतो हे आपणही पाहिलेले आहे. ४ मीटरांच्या आतल्या गाड्यांना २००६ च्या अर्थसंकल्पात अबकारी सवलत मिळाली आणि २००८ मध्ये टाटांनी ‘इंडिगो’ची डिकी आखूड करून ‘इंडिगो सीएस’ आणली. त्यानंतर शेपूट तुटल्यासारख्या दिसणाऱ्या सेदान गाड्यांची आपल्याकडे रांगच लागली. त्या गाड्या ‘भारतीयांची आवड’ होत्या काय? आपले स्वतःचे कॅफे निकष गाडीच्या वजनाशी जोडलेले आहेत: गाडी जड, तर मोकळीक जास्त. एप्रिल २०२७ पासून येऊ घातलेल्या तिसऱ्या टप्प्यात छोट्या, हलक्या गाड्यांना वेगळी सवलत असावी की नसावी, यावर आपल्या मोटार कंपन्यांमध्ये उघड दोन तट पडलेले आहेत. या वादाच्या बातम्या आपल्याकडे बहुधा अर्थविषयक पानावर चार ओळींत उरकल्या जातात. अमेरिकेत क्षेत्रफळाचा नियम झाला तेव्हाही त्याची बातमी तशीच उरकली गेली होती.

आपणाला एकच छोटी विनंती आहे. आपल्या पुरवणीत दर आठवड्याला नव्या गाडीचे जे परीक्षण येते, त्यात ‘लिटरला किती किलोमीटर’ या आकड्याशेजारी ‘१०० किलोमीटरला किती लिटर’ हाही आकडा देता येईल का? भागाकार सोपा आहे: शंभरला ॲव्हरेजने भागायचे. हवे असल्यास गेल्या वर्षभरातल्या सर्व परीक्षणांचा असा तक्ता करून पाठवायला मी तयार आहे.

आपला नियमित वाचक,
नोव्हाय, मिशिगन